गच्ची एक, कोटेशनं तीन

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"घरी आम्ही चौघं. मी, मिस्टर, कॉलेजला जाणारी मुलगी आणि सासूबाई. महिन्याला साधारण ४०० युनिट वीज लागते. आम्ही दोघंही दिवसभर कामावर असतो. सासूबाईंना फुप्फुसाचा जुना आजार आहे, रात्री त्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावावा लागतो. वीज महिन्यातून चार-सहा वेळा जाते, कधी अर्धा तास, कधी तीन तास. गच्चीवर सोलर बसवायचं ठरवून तीन कोटेशनं मागवली. पहिलं ३ किलोवॅटचं, बॅटरी नाही, सगळ्यात स्वस्त, दिवसाला १२ युनिट मिळतील म्हणतात. दुसरं ५ किलोवॅटचं, हायब्रिड (पॅनेलं, बॅटरी आणि लाइन तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर आणि १० युनिटची लिथियम बॅटरी, वर्षाला ६,९०० युनिट, किंमत पहिल्याच्या अडीचपट. तिसरं ६ किलोवॅटचं, ५ युनिटची बॅटरी, दिवसाला ३० युनिट, 'वीजबिल शून्य', हप्त्यांची सोय, आणि या आठवड्यात सही केली तर मोठी सूट. गच्चीवर चढून पाहणी फक्त दुसऱ्यांनी केली. मिस्टर म्हणतात पहिलं घेऊ. दीर म्हणतात घरात लिथियम बॅटरी म्हणजे आगीशी खेळ. आणि मला एवढंच हवंय, की रात्री वीज गेली की सासूबाईंच्या खोलीकडे धावत जाणं थांबावं. कोणतं कोटेशन घेऊ?"

ताई, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमचं खरं मागणं तिथे आहे, आणि तिन्ही कोटेशनांत त्याचा उल्लेख नाही. पहिल्याने 'बिल कमी कसं करायचं' याचं उत्तर दिलंय, दुसऱ्याने 'घराला सगळं कसं पुरवायचं' याचं, तिसऱ्याने 'जास्तीत जास्त माल कसा विकायचा' याचं. प्रश्नच वेगवेगळे असताना किमती शेजारी-शेजारी मांडून काही कळणार नाही. म्हणून आज कुणालाच होकार देऊ नका. तिघांना एकच प्रश्न लिहून द्या आणि पुन्हा कोटेशन मागा. तो प्रश्न कसा लिहायचा आणि आलेली उत्तरं कशी तपासायची, ते सांगते.

आधी मिस्टरांच्या पसंतीचं बघू, कारण तिथे एक गैरसमज आहे आणि तो फार जणांचा असतो. बॅटरी नसलेली, वीज कंपनीच्या लाइनला जोडलेली साधी सोलर यंत्रणा वीज गेली की बंद पडते. भर दुपारी, डोक्यावर कडक ऊन असतानासुद्धा. हा बिघाड नव्हे, ती मुद्दाम केलेली सोय आहे. खांबावर कुणी दुरुस्तीला चढलेलं असताना तुमच्या गच्चीवरून लाइनमध्ये वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल, म्हणून लाइन मेली की इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत स्वतःला तोडून घ्यायचं असा दंडक आहे. तेव्हा पहिल्या कोटेशनाने तुमचं बिल उतरेल, पण सासूबाईंच्या खोलीतलं यंत्र रात्री जसं आज बंद पडतं तसंच उद्याही पडेल. मिस्टरांना हे शांतपणे सांगा. स्वस्त पर्याय वाईट नाही, तो फक्त दुसऱ्या घरासाठी आहे.

आता युनिटांचे दावे. एकाने दिवसाचा आकडा दिला, दुसऱ्याने वर्षाचा, तिसऱ्याने पुन्हा दिवसाचा, आणि यंत्रणा तिन्ही वेगळ्या आकाराच्या. यावर एक साधी युक्ती आहे: प्रत्येकाचा दावा 'एका किलोवॅटमागे वर्षाला किती युनिट' असा करून घ्यायचा. पहिल्याचे १२ गुणिले ३६५, भागिले ३, म्हणजे १,४६०. दुसऱ्याचे ६,९०० भागिले ५, म्हणजे १,३८०. तिसऱ्याचे ३० गुणिले ३६५, भागिले ६, म्हणजे १,८२५. गच्ची तीच, सूर्य तोच. मग हे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. तिसऱ्याचा आकडा पाहिल्यावर त्याची पद्धतही उघडी पडते: १,८२५ म्हणजे नेमके ५ गुणिले ३६५. तुमच्याकडे दिवसाला पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश मिळतो असं धरून त्याने सरळ गुणाकार केला आणि मधली गळती वजाच केली नाही.

ही गळती थोडीथोडकी नसते. पॅनेलवर लिहिलेले वॅट प्रयोगशाळेतले असतात: चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सेलचं तापमान २५ अंश. गच्चीवर उन्हात तापलेला सेल सहज ६० अंशांवर जातो, आणि २५ च्या वर प्रत्येक अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.३५ टक्के घटतं. म्हणजे नुसत्या उष्णतेत १० ते १२ टक्के गेले. वर धूळ, तारांमधली घट, इन्व्हर्टरने खाल्लेली थोडी वीज, पॅनेलांमधला बारीक फरक. सगळं मिळून २० ते २५ टक्के वजा करणं हा व्यवहार्य हिशोब. पहिल्याने २० टक्के वजा केलेत, दुसऱ्याने जवळपास २४.

आणि दुसऱ्याचा आकडा सगळ्यात कमी का, हे तुमच्याच पत्रात आहे. गच्चीवर चढून तोच आला होता. टाकीची, जिन्याच्या खोलीची, शेजारच्या इमारतीची सावली जो पाहतो त्याचा आकडा खाली येतो. पॅनेलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली सावली त्या कोपऱ्यापुरती राहत नाही. नेहमीच्या पॅनेलमध्ये तीन बायपास डायोड, म्हणजे सावलीतल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेणारे पुर्जे असतात, आणि एका भागावर सावली आली की पॅनेलचा तिसरा हिस्सा कामातून जाऊ शकतो. कागदावर कमी युनिटं दिसतात म्हणून माणूस मागे पडतो आणि फुगवलेला आकडा पुढे जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. या तिघांमध्ये माझा विश्वास त्याच्यावर आहे. तरीही पडताळा तुम्ही स्वतः घ्या. जागतिक बँकेचा ग्लोबल सोलर ॲटलस आणि युरोपीय आयोगाचं पीव्हीजीआयएस ही दोन्ही साधनं इंटरनेटवर मोफत आहेत. नकाशावर आपलं घर शोधायचं, छताचा उतार आणि दिशा भरायची, की एका किलोवॅटमागे वर्षाला किती युनिट हे समोर येतं. मुलगी कॉलेजात आहे ना, तिला हे काम द्या, अर्ध्या तासात होईल.

आकाराचं लवकर सुटतं. ४०० युनिट महिन्याला म्हणजे दिवसाला १३ च्या आसपास. एक किलोवॅट तुम्हाला दिवसाला ३.८ युनिट देईल असं धरलं, तर गरज निघते साडेतीन किलोवॅटच्या आतबाहेर. ३ थोडं अपुरं, ६ उगाच मोठं. मी ४ म्हणेन. मात्र पुढच्या दोन-तीन वर्षांत विजेवरची गाडी घ्यावीशी वाटली तर अडायला नको, म्हणून इन्व्हर्टर ५ किलोवॅटचा घ्या आणि गच्चीवर जागा राखून ठेवा. आजच्या पॅनेलांना किलोवॅटमागे साधारण ५ चौरस मीटर जागा लागते, शिवाय धुवायला आणि दुरुस्तीला फिरता येईल इतकी वाट हवी.

पॅनेलच्या जातीवर, म्हणजे पर्क की टॉपकॉन यावर, वाद घालत बसू नका. उन्हात दोघांत दोनेक टक्क्यांचा फरक पडतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६१२१५ आणि ६१७३० या चाचण्यांची प्रमाणपत्रं त्याच मॉडेलच्या नावाने आहेत का, एवढं बघा आणि पुढे चला.

आता बॅटरी. इथे मात्र थांबू या, कारण पैसे इथेच जातात आणि फसगतही इथेच होते.

विक्रेता सांगतो: दिवसा बॅटरी भरेल, संध्याकाळी तीच वीज वापरा म्हणजे बिल वाचेल, आणि रात्री वीज गेली तर बॅकअप आहेच. दोन्ही वाक्यं सुटी-सुटी खरी आहेत. एकत्र मात्र ती खरी नाहीत. संध्याकाळी सात ते अकरा तुम्ही बॅटरीतली वीज वापरून बिल वाचवलंत, तर रात्री दोन वाजता वीज जाईल तेव्हा बॅटरी रिकामी असेल. एक युनिट एकदाच खर्च होतं. तेव्हा बॅटरी कशासाठी, हे आधी ठरवायला लागतं, आणि तुमच्या घरात त्याचं उत्तर स्पष्ट आहे. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये 'राखीव साठा' ठरवता येतो, लाइन चालू असेपर्यंत त्याखाली बॅटरी उतरत नाही. तुम्ही तो ८० टक्क्यांवर ठेवा. मग या बॅटरीतून बिलाची फारशी बचत होणार नाही, हे आजच मान्य करा. हा खर्च सासूबाईंच्या श्वासासाठी आहे. त्याची 'परतफेड किती वर्षांत' असं विचारायचं कारण नाही. पण म्हणूनच तो गरजेपुरताच करायचा.

गरज किती? पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो, तुमच्या यंत्राच्या मागच्या पट्टीवर नेमका आकडा छापलेला असेल तो बघा. दोन पंखे, तीन-चार दिवे, इंटरनेटचा राउटर, फ्रिजची सरासरी आणि इन्व्हर्टरची स्वतःची थोडी भूक धरली, की एकूण ६०० वॅटच्या आसपास. तीन तासांना १.८ युनिट. आता ५ युनिटची बॅटरी घ्या. तिच्यातली वापरता येणारी वीज ४.५ युनिट धरू. ८० टक्के राखीव म्हणजे ३.६ युनिट. सहा तास निघतात. दहा वर्षांनी बॅटरीची ताकद ७० टक्क्यांवर आली तरी चार तास निघतील, आणि तुमच्याकडे सगळ्यात लांब वीज जाते ती तीन तास. १० युनिटची गरज नाही. मात्र नंतर दुसरा संच जोडून वाढवता येईल असंच मॉडेल मागा.

यासाठी एक अट आहे. एसी, गिझर, पाण्याचा पंप ही मंडळी बॅकअपच्या लाइनवर येता कामा नयेत. त्यांच्यासाठी वेगळी वायरिंग करून, 'अत्यावश्यक' गोष्टींचा छोटा वेगळा बोर्ड बसवावा लागतो. तिन्ही कोटेशनांत तो आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर नंतर 'जादा काम' म्हणून त्याचे पैसे मागितले जातील. आणि बॅटरीचे दोन आकडे असतात हे विसरू नका: किती युनिट साठवते, आणि एका वेळी किती किलोवॅट देऊ शकते. मोठी टाकी आणि बारीक तोटी असं असू शकतं. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट वीज ओढतो. तो धक्का सोसायची क्षमता कोटेशनात लिहून मागा.

जाहिरातीत बॅटरीची जी क्षमता लिहितात ती बहुतेक वेळा एकूण असते, वापरता येणारी नव्हे. जुन्या लेड-ॲसिड बॅटरीतून आयुष्य न घटवता निम्मीच वीज काढता येते, लिथियम आयर्न फॉस्फेटमधून ८० ते ९५ टक्के. शिवाय भरलेली सगळी वीज परत येत नाही. चांगल्या लिथियममध्ये १० युनिट भरले तर ९ च्या आसपास मिळतात.

दुसऱ्याच्या १० युनिटच्या बॅटरीचा मोह पडलाच, तर एक भागाकार करून बघा. तिन्ही ठेकेदारांकडून बॅटरीची किंमत वेगळी लिहून घ्या, पॅनेलांच्या रकमेत मिसळलेली नको. १० युनिटमधली वापरण्याजोगी ९. आयुष्यातली सरासरी घट धरून त्यातली ८५ टक्के. वर्षाला ३०० दिवस, १० वर्षं. साधारण २३,००० युनिट होतात. बॅटरीच्या किमतीला २३,००० ने भागा. जो आकडा येईल ती झाली एक युनिट साठवून परत मिळवण्याची किंमत. आता वीज कंपनी तुम्हाला एक युनिट कितीला देते आणि तुमचं जादा युनिट कितीला घेते, यातला फरक काढा. साठवण्याची किंमत या फरकापेक्षा जास्त असेल तर बॅटरी बिल वाचवत नाही, तुमचेच पैसे खाते. तुमच्याकडे युनिटला युनिट वळतं करणारं नेट मीटरिंग असेल, तर फरक शून्य आणि हिशोब तिथेच संपला, कारण वीज कंपनीची लाइनच तुमची फुकट बॅटरी झाली. याउलट जादा युनिटला किरकोळ भाव मिळत असेल, किंवा संध्याकाळचा दर दुपारपेक्षा बराच चढा असेल, तर मोठी बॅटरी विचारात घेण्यासारखी ठरते. हे दर विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नका. वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन लेखी घ्या, आणि आज मिळणाऱ्या अटी किती वर्षांसाठी पक्क्या, हेही विचारा.

दीरांची भीती हसण्यावारी नेऊ नका. लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतल्याच्या घटना खऱ्या आहेत. पण 'लिथियम' हे एका कुटुंबाचं नाव आहे, एका बॅटरीचं नव्हे. लिथियम आयर्न फॉस्फेट, ज्याला सगळे एलएफपी म्हणतात, ते जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी अक्षय पाधी यांनी टेक्सास विद्यापीठात शोधून १९९७ मध्ये जगापुढे मांडलं. त्यात ऑक्सिजन फॉस्फेटच्या बंधनात घट्ट बांधलेला असतो. सेल तापला तरी तो सहज सुटत नाही, त्यामुळे आगीला आतूनच ऑक्सिजन मिळण्याचा धोका कोबाल्ट किंवा निकेलवर आधारलेल्या सेलपेक्षा बराच कमी. कमी म्हणजे शून्य नव्हे. बिघडलेला एलएफपी सेलही ज्वलनशील वायू सोडू शकतो. म्हणून कोटेशनात 'लिथियम' एवढंच लिहिलेलं चालणार नाही, रसायन कोणतं ते हवं, आणि आयईसी ६२६१९ चं प्रमाणपत्र हवं. बॅटरी झोपायच्या खोलीत नको, बाहेर पडायच्या वाटेवर किंवा जिन्याखाली नको, उन्हात नको. सासूबाईंच्या खोलीलगतच्या भिंतीवर तर नकोच, कारण तिथे ऑक्सिजन आहे. सावलीची, हवेशीर, पाणी न साचणारी जागा बघा. उष्णतेने बॅटरीचं आयुष्यही झपाट्याने घटतं.

दीरांना एक मात्र सांगा, की मला बॅटरीपेक्षा जास्त काळजी गच्चीवरच्या तारांची वाटते. घरातली ५० हर्ट्झची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी पडली तरी विझायला संधी मिळते. पॅनेलांकडून येणारी डीसी वीज शून्यावर येतच नाही. सैल जोडावर ठिणगी धरली की ती पेटतीच राहते. दोन वेगळ्या कारखान्यांचे कनेक्टर दिसायला एकसारखे असतात, एकमेकांत 'टक' असा आवाज करत बसतातही, पण आतला धातू आणि माप वेगळं असतं, आणि काही वर्षांनी तो जोड तापून वितळतो. 'सगळे कनेक्टर एकाच कंपनीचे व एकाच मॉडेलचे' हे वाक्य करारात घाला. त्यासोबत डीसी आयसोलेटर (पॅनेलांकडून येणारी वीज तोडणारा स्विच), डीसी आणि एसी दोन्ही बाजूंचे सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारे), स्वतंत्र अर्थिंग, गरजेप्रमाणे तडितरक्षक, आणि गॅल्व्हनाइज्ड किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा. स्वस्त कोटेशनातून सगळ्यात आधी गळतात त्या याच गोष्टी. त्या खालून दिसत नाहीत ना.

तिसऱ्याबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. 'वीजबिल शून्य' होत नाही. बहुतेक ठिकाणी स्थिर आकार भरावाच लागतो. त्याने २५ वर्षांच्या बचतीचा तक्ता दिला असेल, तर त्यात वीजदर दरवर्षी किती टक्के वाढतात असं धरलंय ते शोधा. ८ टक्के धरलं असेल, तर २५ वर्षांनंतरचा दर आजच्या जवळपास सातपट होतो, आणि त्यावर काढलेली बचत अर्थातच डोळे दिपवते. त्या तक्त्यात इन्व्हर्टर बदलण्याचा खर्चही बहुधा नसेल. इन्व्हर्टर १० ते १५ वर्षं चालतो, म्हणजे २५ वर्षांत एकदा तरी नवा घ्यावा लागणार. हप्त्यांबाबत इतकंच विचारा, की रोख दिले तर किंमत किती. बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांचं व्याज बहुतेक वेळा किमतीतच बसलेलं असतं. आणि 'या आठवड्यातच' म्हणणाऱ्याला सांगा, की पुढच्या आठवड्यातही घर इथेच असेल. वीस-पंचवीस वर्षं गच्चीवर राहणाऱ्या गोष्टीचा निर्णय कुणाच्या घाईने घ्यायचा नसतो.

वॉरंटी वाचताना तीन वेगळ्या गोष्टी वेगळ्या ठेवा. वस्तूची वॉरंटी, उत्पादनाची वॉरंटी आणि कामाची वॉरंटी. २५ वर्षांचा जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो तो उत्पादनाचा, म्हणजे इतक्या वर्षांनी पॅनेल मूळ ताकदीच्या अमुक टक्के देईल. हा दावा सिद्ध करणं घरच्या माणसाला अवघड जातं. रोजच्या कामाची ती तिसरी, कामाची वॉरंटी, आणि ती अनेकदा एक-दोन वर्षांचीच असते. छत गळलं तर कोण बघणार? बिघडलेलं पॅनेल उतरवून नवं चढवण्याची मजुरी कोणाची? हे विचारा. बॅटरीच्या वॉरंटीत वर्षांबरोबर 'एकूण इतकी युनिटं' अशीही मर्यादा असते, आणि जे आधी पूर्ण होईल ते लागू होतं.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या घरी पहिली यंत्रणा बसवली तेव्हा उत्पादन दाखवणाऱ्या ॲपचं खातं ठेकेदाराने स्वतःच्या नावावर उघडलं होतं. आम्हाला त्यात काही गैर वाटलं नाही. चौथ्या वर्षी पॅनेलांची एक अख्खी रांग बंद पडली, आणि ते आम्हाला कळलं दोन बिलांनंतर. तोवर त्याने धंदा बंद केला होता, फोन लागत नव्हता. नवा माणूस आला, पण त्याला ना आराखडा मिळाला ना पासवर्ड. सैल झालेला एक जोड शोधायला त्याचे तीन दिवस गेले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले आहे: खातं पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर, पॅनेलांचे आणि बॅटरीचे अनुक्रमांक, वायरिंगचा आराखडा, अर्थिंग आणि इन्सुलेशनच्या चाचणीचे कागद, सगळं हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही. तो हप्ता १५-२० टक्क्यांचा तरी ठेवा. आणि तिघांकडून पाच-सहा वर्षांपूर्वी काम केलेल्या दोन-दोन घरांचे पत्ते मागा. नुकत्याच बसवलेल्या घरी सगळेच खूश असतात.

तर तुमचा प्रश्न तिघांना असा लिहून पाठवा: ४ किलोवॅट पॅनेलं, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर, ५ युनिटची वाढवता येणारी एलएफपी बॅटरी, अत्यावश्यक बोर्ड वेगळा, सावलीचा हिशोब गच्चीवर येऊन केलेला, वर्षाला एकूण किती युनिट, आणि पॅनेलं, इन्व्हर्टर, बॅटरी, सांगाडा, वायरिंग, मजुरी यांच्या किमती सुट्या. जो गच्चीवर यायला तयार नाही त्याचं नाव खोडून टाका. माझा अंदाज आहे की दुसऱ्याचं कोटेशन पहिल्याच्या बरंच जवळ येईल, कारण निम्मी बॅटरी आणि एक किलोवॅट कमी होतोय. तुम्हाला पटलं तर काम त्याला द्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कोटेशनावर सोडू नका. सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा, की ऑक्सिजनशिवाय त्या किती वेळ सुरक्षित राहू शकतात, आणि त्यांच्या सल्ल्याने एक भरलेला सिलिंडर खोलीत कायम असू द्या. इन्व्हर्टरही बिघडतो, बॅटरीची नियंत्रण यंत्रणाही अधूनमधून अडते. वीज गेल्यावर बॅकअपवर यायला किती वेळ लागतो तेही ठेकेदाराकडून लेखी घ्या. चांगले हायब्रिड इन्व्हर्टर १० ते २० मिलिसेकंदांत बदलतात, काहींना त्याहून बराच जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात कॉन्सन्ट्रेटर अलार्म वाजवून बंद पडू शकतो.

काम पूर्ण झालं की त्या माणसाला अंधार पडल्यावर बोलवा. कॉन्सन्ट्रेटर, पंखे, दिवे, फ्रिज सगळं चालू ठेवा, सिलिंडर हाताशी घ्या, सासूबाईंना आधी कल्पना द्या, आणि मेन स्विच बंद करा. यंत्र अडखळतं का ते बघा. मग तासभर तसंच राहू द्या आणि बॅटरी किती टक्के उतरली ते लिहून ठेवा. शेवटचा हप्ता त्यानंतर.